वेष कोणासाठी?

मार्गशीर्ष पौर्णिमा आली की दत्तमंदिरापुढे रांग लागते. या रांगेकडे एकदा नीट बघा. पुढे निवृत्त अधिकारी असतात, त्यांच्यामागे कापडाचे दुकानदार, मग कडेवर लेकरू घेतलेली सून, परीक्षेचा नवस फेडायला आलेला कॉलेजचा मुलगा, मोंढ्यातला हमाल, चार घरची धुणीभांडी आटोपून आलेली मावशी. शहागंजच्या घड्याळाखालून दिवसभर जो माणूस जातो तोच संध्याकाळी इथे हात जोडून उभा असतो. पण आपली नजर मोठी चमत्कारिक. माणूस दिसायच्या आधी तिला त्याचा वेष दिसतो. हे अमके साहेब, ही तमक्यांच्या घरी काम करणारी, हा नव्याने पैसा आलेला बिल्डर. देवापुढे उभे राहिलो तरी ही नावे मनातून हलत नाहीत.

मग प्रश्न येतो, आणि तो साधा नाही. देवाच्या वाटेवर माणसाने आपला हुद्दा, धंदा, नाते, म्हणजे एकंदर हा वेष, उतरवून ठेवायचा की अंगावर ठेवूनच चालायचे? आणि दुसऱ्याच्या वेषाकडे कसे बघायचे?

आपल्या संप्रदायात याची दोन उत्तरे शेजारीशेजारी उभी आहेत. एक उत्तर खुद्द अवधूताचे. त्याला घर नाही, गाव नाही, धंदा नाही. कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. दुसरे उत्तर आपल्याच भागातले, पैठणच्या नाथमहाराजांचे. दत्तभक्त जनार्दनस्वामींचा हा शिष्य संसारी, बायकामुलांचा, हिशेब लिहिणारा, आणि वर जगातले सगळे वेष स्वतःच्या वाणीवर चढवून बसलेला. या दोघांत विरोध आहे का? ते बघण्यासाठी आधी थोडे लांब जाऊ या, थेट इंग्लंडात. कारण यात्रेच्या वाटेवर माणसांचे वेष कसे दिसतात, हे तिकडच्या एका कवीने फार बारकाईने लिहून ठेवले आहे.

या कवीचे नाव जेफ्री चॉसर. तो १४०० साली वारला, म्हणजे नाथांच्या आधी सुमारे दीडशे-दोनशे वर्षांचा माणूस. व्यवसाय कोणता, तर लंडन बंदरातल्या लोकरीच्या जकातीवर देखरेख ठेवण्याचा. १३७४ साली त्याला ही नोकरी मिळाली, आणि अट अशी होती की हिशेबाच्या वह्या त्याने स्वतःच्या हाताने लिहायच्या. देवगिरीच्या किल्ल्यात रात्र जागून हिशेबातली बारीकशी चूक शोधणारे आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवणारे नाथ आपल्याला आख्यायिकेतून ठाऊक आहेत. दोघेही आकड्यांत बसलेले, आणि दोघांनीही माणसांचा हिशेब लिहिला, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चॉसरने १३८७ च्या सुमारास ‘कँटरबरी टेल्स’ हे काव्य लिहायला घेतले. कँटरबरी हे तिकडचे मोठे तीर्थ. तिथल्या थॉमस बेकेट नावाच्या धर्मगुरूला राजाच्या सरदारांनी ११७० साली चर्चमध्येच मारले. तीनच वर्षांत तो संत ठरला आणि त्याच्या समाधीकडे यात्रा सुरू झाली. काव्यात असे होते की लंडनजवळच्या एका सराईत रात्री एकोणतीस यात्रेकरू जमतात. कवीही तिथेच उतरलेला असतो, तो त्यांच्यात मिसळतो. सराईचा मालक म्हणतो, वाट लांब आहे, प्रत्येकाने जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगा, ज्याची उत्तम त्याला आपण सगळे मिळून जेवण देऊ. काव्य पुरे झाले नाही. आज त्यात चोवीस गोष्टी आहेत.

आता ही मंडळी कोण, ते बघा. त्या काळी तिकडे समाजाचे तीन भाग मानत: लढणारे, प्रार्थना करणारे आणि राबणारे. चॉसर या तिन्ही भागांतून एकेक माणूस असा दाखवतो की ज्याचा वेष आणि जीव एक आहे. लढणाऱ्यांतला सरदार अनेक लढाया करून आला आहे, पण अंगावरच्या जाड सदऱ्याला चिलखताचे डाग तसेच आहेत. कपडे बदलायला न थांबता तो यात्रेला निघाला. प्रार्थना करणाऱ्यांतला गावचा गरीब पाद्री पावसापाण्यात काठी टेकत लांबलांबच्या घरी आजाऱ्याला भेटायला जातो. राबणारा शेतकरी त्या पाद्र्याचाच भाऊ. तो शेण वाहतो, आणि शेजारी अडला तर मोबदला न घेता त्याचे काम करून देतो.

बाकीच्यांचे मात्र वेष एक आणि वागणे दुसरे. मठातला साधू फरची किनार लावलेल्या बाह्यांचा अंगरखा घालतो आणि शिकारी कुत्री पाळतो. भिक्षेकरी साधूला गावातल्या दारूच्या गुत्त्यांची माहिती कुष्ठरोग्यांपेक्षा जास्त. त्याला दक्षिणा दिली की पापाचे प्रायश्चित्त हलके होते. मठाची मुख्य संन्यासिनी सापळ्यातल्या उंदरासाठी रडते, आणि आपल्या कुत्र्यांना भाजलेले मांस आणि पांढरा पाव घालते. व्यापारी रुबाबात बोलतो, पण कर्जात आहे हे कुणाला ठाऊक नाही. चक्कीवाला दळणावर तिप्पट मजुरी काढतो. आणि बाथ गावाजवळची एक विणकरीण आहे. पाच लग्ने झालेली, तीनदा जेरुसलेमची यात्रा केलेली. चर्चमध्ये अर्पण वाहायला तिच्याआधी दुसरी कुणी बाई पुढे गेली की तिचा सगळा भक्तिभाव उडून जातो, एवढा राग येतो.

हसू आले ना? आरतीचे ताट आधी कुणाच्या हातात द्यायचे, अभिषेकाला पहिला पाट कुणाचा, फळीवर वर्गणीदारांत कुणाचे नाव वर, यावरून घरी जाऊन दोन दोन दिवस न बोलणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. सहाशे वर्षे गेली, समुद्र मध्ये आहे, पण ही बाई आपल्याच आळीतली वाटते.

या सगळ्यांत खरा विचार करायला लावतो तो क्षमापत्रे विकणारा. त्याच्या पोतडीत डुकराची हाडे आहेत. ती संतांच्या अस्थी म्हणून तो भाविकांपुढे मांडतो. उशीच्या अभ्र्याला तो मेरीमातेची ओढणी म्हणतो. आणि गंमत म्हणजे आपली सगळी लबाडी तो बरोबरच्या यात्रेकरूंना मोकळेपणाने सांगतो. मी लोभाविरुद्ध प्रवचन करतो, कारण माझा लोभ त्यातूनच भागतो, असा त्याचा भाव. पण पुढे तो जी गोष्ट सांगतो ती अव्वल. तीन दारुडे मृत्यूलाच ठार करायला निघतात. त्यांना झाडाखाली सोन्याची रास सापडते, आणि वाटणीपायी ते तिघेही एकमेकांच्या हातून मरतात. झाडाखाली मृत्यूच बसलेला होता. ही कथा मुळात आपल्या इकडच्या जातककथांतही आहे. कुठून कुठे गेली बघा.

आता सांगा, ही गोष्ट ऐकून एखाद्याचा लोभ खरोखर कमी झाला, तर ते खरे की खोटे? सांगणारा लबाड, सांगणे सोन्यासारखे. आपल्याकडेही हा प्रश्न रोजचा आहे. गोड कीर्तन करणाऱ्या बुवांविषयी नको ते कानावर येते, आणि आपण गोंधळतो. जे ऐकून डोळ्यांत पाणी आले ते पाणीही खोटे होते का?

याचे उत्तर अवधूताने दिले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा त्या आनंदी अवधूताला विचारतो, तुला हे ज्ञान कुठून मिळाले? अवधूत चोवीस गुरू मोजून दाखवतो. पृथ्वी, वारा, आकाश यांच्याबरोबर त्यात माणसेही आहेत, आणि ती कोण? पिंगला नावाची वेश्या. बाण घडवणारा कारागीर. घरी कुणी नसताना पाहुणे आले म्हणून साळी कांडायला बसलेली कुमारिका. मधमाश्यांनी साठवलेला मध काढून नेणारा माणूस. आणि तान्हे मूल. यांत एकही आचार्य नाही, एकही पीठाधीश नाही. पिंगला रात्री उशिरापर्यंत पैसेवाल्या गिऱ्हाइकाची वाट बघते, शेवटी आशा सोडते आणि शांत झोपते. अवधूत तिच्या धंद्याची स्तुती करत नाही, तिच्या धंद्यावरून तिला नाकारतही नाही. आशा सोडल्यावर झोप लागते, एवढेच तो उचलतो. मध नेणारा तर दुसऱ्याचे नेतो. त्याच्याकडून तो शिकतो की साठवलेले शेवटी आपले राहत नाही.

म्हणजे गुण घ्यायला माणूस शुद्धच हवा अशी अट अवधूताने घातली नाही. पण इथे एक मोठी खबरदारी आहे. अवधूताने पिंगलेचा गुण घेतला, तिचे गिऱ्हाईक झाला नाही. तसेच लबाड वक्त्याच्या तोंडून खरा बोल आला तर तो जरूर घ्यावा. त्याची हाडे मात्र विकत घेऊ नयेत, त्याला घर, दागिना, विश्वास सोपवू नये, आणि कुणाची फसवणूक होत असेल तर ‘चांगले बोलतो’ म्हणून गप्प बसू नये. बोल खरा आहे म्हणून बोलणाऱ्याला माफी मिळत नाही, आणि बोलणारा खोटा आहे म्हणून आपला पालटलेला जीव खोटा ठरत नाही.

चॉसरच्या काव्यात पुढे काय होते तेही बघण्यासारखे आहे. गोष्ट संपताच तो लबाड त्याच यात्रेकरूंपुढे आपली हाडे धरतो. सराईचा मालक संतापून त्याला नको ते बोलतो. तेव्हा तो डागाळलेल्या सदऱ्याचा सरदार मध्ये पडतो आणि दोघांचा समेट करून देतो. मंडळी पुढे चालू लागतात. त्याचा माल कुणी घेतला असे कवी सांगत नाही, पण त्याला कुणी वाटेत टाकूनही दिले नाही. दिंडी चालते ती अशीच.

आता नाथांकडे येऊ. शहागंजहून दौलताबादचा किल्ला पंधराएक किलोमीटर. तिथे जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार बघत. गुरुवार त्यांचा दत्तसेवेचा दिवस. अशी आख्यायिका आहे की ते समाधीत बसलेले असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूंची समाधी मोडायची नाही, आणि किल्लाही जाऊ द्यायचा नाही. नाथांनी गुरूंचे चिलखत अंगावर चढवले, घोड्यावर बसून लढले, शत्रूला परतवले. मग चिलखत जागच्या जागी ठेवले आणि पुन्हा आपल्या सेवेला लागले. कुणाला सांगितले नाही.

या आख्यायिकेत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. नाथांनी वेष घेतला तो दुसऱ्यासाठी. वेषाचे काम पुरते केले, अर्धवट नाही. आणि काम संपताच तो काढून ठेवला. क्षमापत्रवाल्याचा वेष आणि नाथांचा वेष यांत फरक कापडाचा नाही. एकाने तो स्वतःसाठी घातला, दुसऱ्याने गुरूसाठी.

पुढे पैठणला नाथांनी भारुडे रचली, तेव्हा हेच चिलखत त्यांनी शेकडो वेळा चढवले म्हणा ना. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, वेसकर, महार, कोल्हाटीण, फकीर, आंधळा, पांगळा, बहिरा, सासरच्या माणसांवर देवीपुढे गाऱ्हाणे मांडणारी सून. ‘हिंदू-तुर्क संवाद’ सुद्धा आहे. चॉसरने माणसांची चित्रे काढली तेव्हा तो त्यांच्या शेजारी घोड्यावर बसून त्यांना न्याहाळत होता. त्याने स्वतःलाही सोडले नाही; काव्यातल्या कवीची गोष्ट इतकी रटाळ होते की सराईचा मालक ती मध्येच थांबवतो. पण नाथांनी त्या माणसांचा ‘मी’ स्वतःच्या तोंडी घेतला. ज्याची सावली त्या काळी लोक टाळत, त्याच्या नावाने पैठणचा एक ब्राह्मण ‘मी’ म्हणून उभा राहून परमार्थ सांगतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर कडेवर घेणाऱ्या नाथांची कथा आपण सांगतो. भारुड हे त्याच कृतीचे दुसरे रूप आहे.

यात अवधूताशी विरोध कुठे आहे? अवधूताने सगळे वेष उतरवले, म्हणून त्याला चोवीस ठिकाणी गुरू दिसला. नाथांनी सगळे वेष घातले, कारण त्यातला एकही त्यांना चिकटत नव्हता. हेच नाथ ‘एकनाथी भागवता’त त्या चोवीस गुरूंवर विस्ताराने लिहितात, तो ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा झाला. जो उतरवू शकतो तोच नीट घालू शकतो, असे मला वाटते.

आणि देव काय करतो? तोही वेषच घेतो. अनसूयामातेच्या दारी तिन्ही देव अतिथी होऊन आले. खुलताबादजवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर दत्तगुरू नाथांना मलंग फकिराच्या रूपात भेटले, असे परंपरा सांगते. नाथांच्याच वाड्यात देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहत होता. म्हणजे देवाने घेतलेले वेष बघितले तर भिकारी, फकीर, पाणक्या. साहेबाचा वेष घेऊन आलेला देव निदान मला तरी कथेत फारसा भेटलेला नाही. मग रांगेतल्या हमालाला ‘जरा मागे सरका’ म्हणताना आपण कुणाला मागे सरकवतो आहोत?

यावर कुणी म्हणेल, अहो, सगळेच वेष सारखे म्हटले तर जग कसे चालायचे? स्वयंपाक्याने स्वयंपाक करायला हवा, हिशेबनीसाने हिशेब ठेवायला हवा, नाहीतर महाप्रसादाच्या दिवशी पंगतच उठायची नाही. बरोबर आहे. चॉसरच्याच काळात विल्यम लँगलंड नावाच्या दुसऱ्या कवीने पिअर्स नावाच्या नांगऱ्यावर काव्य लिहिले. त्यात सत्याच्या शोधात निघालेल्या लोकांना एक यात्रेकरू भेटतो. अंगभर तीर्थांची पदके लावलेली, पण सत्य कुठे राहते हे त्याला ठाऊक नाही. वाट माहीत असते ती नांगऱ्याला. आणि तो म्हणतो, आधी माझे हे अर्धा एकर रान नांगरून होऊ द्या, हात लावा, मग निघू. आपल्या अरणच्या सावता माळ्यांची आठवण येते. मळा हीच त्यांची पंढरी होती. गुरुचरित्रातला तंतुक, म्हणजे विणकर, रोज श्रीगुरूंच्या मठाचे अंगण झाडतो. सगळे श्रीशैल्याला निघाले तरी तो जात नाही, गुरूंचे चरण हेच माझे तीर्थ म्हणतो. आणि गुरू त्यालाच क्षणात श्रीशैल्याला नेऊन आणतात. म्हणजे काम टाकायचे नाही. कामाचा तोरा टाकायचा.

पण गुरुचरित्रात आणखी एक कथा आहे, आणि ती आपल्याला सुखाने झोपू देत नाही. वेदविद्येचा गर्व झालेल्या ब्राह्मणांपुढे श्रीनृसिंहसरस्वती वाटेने जाणाऱ्या एका पतिताला बोलावतात. जमिनीवर सात रेघा ओढतात. एकेक रेघ ओलांडताना त्याला एकेक मागचा जन्म आठवतो, आणि सातव्या रेघेनंतर, अंगाला भस्म लागल्यावर, तो वेद बोलू लागतो. गर्विष्ठांची मान खाली जाते. कथेत पुढे ते भस्म धुतले जाते, आणि तो माणूस पुन्हा आपल्या जुन्या वेषात, बायकामुलांत परत जातो. आपण ही कथा वाचतो, गुरूंचे सामर्थ्य बघून हात जोडतो, आणि पोथी बांधून ठेवतो. पण एकदा त्या माणसाच्या बाजूने विचार करून बघा. त्या घटकेत जे दिसले ते खरे होते ना? वेद त्याच्या आत होतेच ना? मग भस्म धुतल्यावर ज्यांनी ते पाहिले, त्यांनी दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याला कसे ओळखले असेल? गुरूंनी ओळख दाखवून दिली. ती ओळख जपणे हे बघणाऱ्यांचे काम होते. आज ते आपले काम आहे.

शेवटी थोडे आपल्या वयाच्या मंडळींसाठी. आपल्यापैकी पुष्कळांचे वेष आता आपोआप उतरत चालले आहेत. खुर्ची गेली, दुकान मुलाकडे गेले, स्वयंपाकघराच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या. फोन वाजेनासा होतो. कोणी विचारेनासे होते. मग माणूस बिथरतो. मंदिराच्या समितीत तरी आपले चालावे, निदान आरतीला तरी आपल्याला ‘साहेब’ म्हणावे, असे वाटत राहते. यात दोष देण्यासारखे काही नाही. चाळीस वर्षे अंगावर असलेले चिलखत काढले की अंग उघडे पडल्यासारखे वाटतेच. पण नाथांनी चिलखत खुंटीला ठेवले तेव्हा त्यांचे काही कमी झाले नाही, कारण ते कधी त्यांचे नव्हतेच. खुर्चीही आपली नव्हती. ती ज्यांच्यासाठी होती त्यांचे काम तिच्यावरून नीट झाले की नाही, एवढाच हिशेब आपल्याकडे उरतो.

कँटरबरीची ती समाधी राजा आठव्या हेन्रीच्या हुकुमाने १५३८ साली फोडली गेली. नाथ तेव्हा पैठणात पाच-सहा वर्षांचे असतील. तीर्थ गेले, पण वाटेवरची ती माणसे मात्र काव्यात अजून चालताहेत, कारण कुणीतरी त्यांना नीट पाहिले होते.

तर दत्तभक्तहो, यंदा पौर्णिमेच्या रांगेत एवढेच करून बघू या. पुढच्याच्या पाठीकडे बघत उभे न राहता, मागे कोण आहे ते वळून बघावे. ओळख असली तर नावाने हाक मारावी, नसली तर नाव विचारावे. त्यांच्या हातात लेकरू किंवा काठी असेल तर आपला नंबर त्यांना द्यावा. तेवढ्यापुरता आपला वेष दुसऱ्यासाठी होईल.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.